रविवारचा रेडिओ आणि शिरोळची वेणू

इंटरनेटवर ‘जॉर्ज ऑर्वेल, बीबीसी’ असं शोधलं की एक कृष्णधवल फोटो हमखास समोर येतो. १ डिसेंबर १९४२ चा, लंडनमधला. बाहेर महायुद्ध पेटलेलं आणि आत मायक्रोफोनभोवती कवी-लेखकांचा घोळका. मागे उभा असलेला उंच, बारीक मिशीचा माणूस म्हणजे पुढे ‘ॲनिमल फार्म’ आणि ‘१९८४’ लिहिणारा ऑर्वेल. पुढे बसलेल्यांत टी. एस. एलियट आहेत, ज्यांना १९४८ मध्ये नोबेल मिळालं. मुल्कराज आनंद आहेत, जमैकाची कवयित्री ऊना मार्सन आहे. आणि डाव्या टोकाला बसली आहे एक भारतीय तरुणी.

कॉलेजात ऑर्वेल अभ्यासाला असलेल्यांनाही ती सहसा ओळखू येत नाही. ती आपली मराठी मुलगी आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोळची. नाव वेणू चितळे.

दोस्तांनो, आज रविवार. सकाळी उठल्यावर हातात मोबाईल घेऊन आपण जगभरच्या बातम्या बोटानं सरकवतो. ८० वर्षांपूर्वी जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला जगाची खबर हवी असेल तर मोजक्या घरी असलेल्या रेडिओच्या खरखरीला कान लावून बसावं लागायचं. त्या खरखरीतून कधी लंडनहून मराठी ऐकू यायचं. ते मराठी बोलणाऱ्यांत वेणूताई होत्या. त्यांची गोष्ट सोपी नाही. कारण ज्या सरकारनं आपल्या पोरांवर गोळ्या झाडल्या, त्याच सरकारच्या देशातून त्या बोलत होत्या.

शिरोळ ते लंडन

वेणूताईंचा जन्म १९१२ चा. शिक्षणासाठी त्या पुण्याला आल्या, हुजूरपागेत शिकल्या, मग मुंबईच्या सेंट कोलंबा शाळेत. तिथे त्यांना क्विंटा नावाच्या एक परदेशी शिक्षिका भेटल्या. या बाईंनी वेणूताईंच्या आयुष्याची दिशाच बदलली. पुढे विल्सन कॉलेज झालं आणि १९३४ मध्ये वेणूताई याच शिक्षिकेसोबत इंग्लंडला गेल्या. वय अवघं २१-२२. मुलींना मॅट्रिकपर्यंत शिकवणं हेही मोठं धाडस मानलं जायचं, तो हा काळ.

तिथे त्यांनी मॉन्टेसरी पद्धतीचं, म्हणजे लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलं. शिक्षिका होऊन परतायचं, असा सरळ रस्ता दिसत होता. पण मध्ये युद्ध आलं. १९४० मध्ये वेणूताई बीबीसीत लागल्या.

त्या वेळचं बीबीसी म्हणजे एसी केबिनमधली आरामाची नोकरी नव्हे. १५ ऑक्टोबर १९४० च्या रात्री बीबीसीच्या मुख्य इमारतीवर, ब्रॉडकास्टिंग हाउसवर, जर्मन बॉम्ब पडला. रात्री नऊच्या बातम्या चालू असतानाच तो फुटला. सात कर्मचारी गेले. निवेदक क्षणभर थांबला आणि पुढची ओळ वाचू लागला. त्याच इमारतीतल्या गाण्याच्या सभागृहात गाद्या टाकून कर्मचारी झोपायचे. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, मध्ये पडदा. सकाळी उठायचं आणि पुन्हा माइकसमोर.

रविवार म्हणजे रेडिओ

हे युद्ध सुरू झालं तेच रविवारी, रेडिओवरून. ३ सप्टेंबर १९३९, सकाळी सव्वाअकरा. पंतप्रधान चेंबरलेन यांनी आपला देश जर्मनीशी युद्धात उतरल्याचं सांगितलं. संध्याकाळी राजा बोलला. त्यानंतर युद्धातले कितीतरी रविवार लोकांनी रेडिओसमोरच काढले. २२ जून १९४१, रविवार : हिटलरनं रशियावर हल्ला केला आणि रात्री चर्चिल बोलले. ७ डिसेंबर १९४१, रविवार : पर्ल हार्बरची बातमी खुद्द चर्चिलनाही रात्री नऊच्या रेडिओवरूनच कळली. १५ फेब्रुवारी १९४२, रविवार : सिंगापूर पडलं. तिथे शरण गेलेल्या फौजेत हजारो भारतीय जवान होते.

युद्धाआधी बीबीसीचा रविवार मोठा गंभीर असायचा. धर्मप्रवचनं, शास्त्रीय संगीत, हसण्या-खिदळण्याला जागा नाही. युद्धानं हेही बदललं. १९४० च्या सुरुवातीला सैनिकांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू झाला आणि रविवारीही हलकीफुलकी गाणी वाजू लागली. जीव मुठीत धरून बसलेल्या पोरांना प्रवचन किती ऐकवणार! निवेदक बातम्यांआधी आपलं नाव सांगू लागले. शत्रू देशात उतरला आणि त्यानं स्टेशन ताब्यात घेतलं, तर खोटा आवाज लोकांना ओळखता यावा, हे त्यामागचं कारण. आज आपण ‘फेक न्यूज’ म्हणतो ना, ती भीती तेव्हाही होती.

आणखी एक गोष्ट. रविवारी रात्री नऊच्या बातम्यांआधी दोस्त राष्ट्रांची राष्ट्रगीतं वाजवायची पद्धत पडली होती. पोलंड, नॉर्वे, हॉलंड... रशिया युद्धात आला तेव्हा पंचाईत झाली, कारण तेव्हाचं रशियाचं गीत होतं ‘इंटरनॅशनल’, कामगार क्रांतीचं. ते वाजवायला चर्चिल यांची मनाई. अखेर ही गीतमालाच बंद करण्यात आली.

या यादीत भारताचं गीत नव्हतं. असणार कसं? आपण दोस्त राष्ट्र नव्हतो, ताब्यातला मुलूख होतो. आणि तरी युद्ध संपेपर्यंत भारतीय फौजेत २५ लाखांच्या आसपास लोक भरती झाले होते. वेणूताई ज्या इमारतीत रोज कामाला जायच्या, तिथली हवा ही अशी होती.

कांदा नसलेलं स्वयंपाकघर

वेणूताई केवळ भारतासाठीच बोलल्या असं नाही. खुद्द ब्रिटनच्या लोकांनीही त्यांना ऐकलं, आणि तेही स्वयंपाकघरात.

जानेवारी १९४० पासून ब्रिटनमध्ये रेशनिंग सुरू झालं होतं. आधी बेकन, लोणी, साखर आणि मग मांस, चहा, चीज. बाहेरून धान्य आणणारी जहाजं जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या. कांदा ज्या भागांतून यायचा, ते जर्मनांनी घेतलेले. १९४१ च्या सुमारास कांदा इतका दुर्मिळ झाला की लोक एकेका कांद्याची सोडत काढायचे! धुळ्याच्या बाजारात कांद्याचे भाव पडले म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे सांगितलं तर तो डोळे वटारून बघेल.

अशा दिवसांत बीबीसीच्या देशांतर्गत सेवेवर सकाळी आठच्या बातम्यांनंतर ‘द किचन फ्रंट’ नावाचा छोटा कार्यक्रम लागायचा. आहे त्यात काय रांधायचं, ते त्यात सांगत. वेणूताईंनी त्यात भारतीय शाकाहारी पदार्थ सांगितले. मांसाशिवाय जेवण म्हणजे उपासमार, असं मानणाऱ्या देशाला डाळ आणि भाज्यांत पोटभर जेवण होतं हे एका मराठी बाईनं समजावलं. कळण्याची भाकरी, ठेचा आणि भरितावर वाढलेल्या आपल्या खानदेशी माणसाला यात नवल वाटणार नाही. तिथे मात्र ते नवीन होतं.

१ मार्च १९४२

ऑगस्ट १९४१ मध्ये बीबीसीच्या पूर्व विभागात एक नवा माणूस रुजू झाला. खरं नाव एरिक ब्लेअर, लेखनातलं नाव जॉर्ज ऑर्वेल. जन्म आपल्याकडे, बिहारमधल्या मोतिहारीचा. साम्राज्यावर मनापासून चिडलेला, पण हिटलर त्याहून वाईट म्हणून या नोकरीत आलेला. वेणूताई त्याच्या मदतनीस झाल्या. भारतीय विभागाचे प्रमुख होते झुल्फिकार अली बुखारी. पुढे अभिनेता म्हणून गाजलेले बलराज साहनीही तेव्हा पत्नी दमयंतीसह बीबीसीत होते.

आणि १ मार्च १९४२ रोजी बीबीसीची मराठी सेवा सुरू झाली. वार रविवार.

वेळ बघा. दोनच आठवड्यांपूर्वी सिंगापूर गेलेलं. पुढच्याच रविवारी, ८ मार्चला, रंगून जपान्यांच्या हाती पडलं. बंगालच्या दारात युद्ध आलं होतं. तिकडे बर्लिनहून सुभाषबाबू बोलायला लागले होते, आणि त्यांच्या आझाद हिंद रेडिओवरून मराठीतही बातम्या दिल्या जायच्या. म्हणजे मराठी माणसाचा कान कोणी जिंकायचा, याचीही लढाई चालू होती. लंडनला मराठीचं प्रेम एकाएकी फुटलं नव्हतं, गरज पडली होती.

हे काम चालायचं कसं? युद्धाच्या आठवड्याचा आढावा इंग्रजीत लिहिला जायचा. बराच काळ तो खुद्द ऑर्वेल लिहायचा. मग त्याचं मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ व्हायचं. मजकूर सेन्सॉरकडे जायचा. एक शिक्का सुरक्षेचा, म्हणजे शत्रूला उपयोगी काही नाही ना. दुसरा धोरणाचा, म्हणजे सरकारला अडचणीचं काही नाही ना. एवढ्यावर थांबत नसे. प्रक्षेपण चालू असताना एक माणूस तोच कागद हातात धरून ऐकत बसायचा, बोट बटणावर. वाचणाऱ्यानं मनाचं काही घुसवलं की आवाज बंद!

कल्पना करा. भाषा तुमची, आवाज तुमचा, पण एकही शब्द परवानगीशिवाय नाही. ऑर्वेलनं पुढे ‘१९८४’ मध्ये सत्याची मोडतोड करणारं सरकारी खातं रंगवलं, त्यात या नोकरीतले अनुभव उतरलेत असं अभ्यासक मानतात.

ऐकणारे किती होते? चाळीस कोटींच्या देशात रेडिओचे परवाने लाख-दीड लाख. खेड्यात वीजच नाही. पूर्व आणि पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये, रेडिओ बाळगणारी घरं शोधावी लागली असती. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. आपलं कोणी ऐकतंय का, ही शंका ऑर्वेलला शेवटपर्यंत खात राहिली.

९ ऑगस्टचा रविवार

आता येतो खरा अवघड रविवार.

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. पहाट उजाडायच्या आत गांधीजी, नेहरू, मौलाना आझाद, सगळे अटकेत. ९ ऑगस्ट. रविवार.

लंडनमध्ये भारतमंत्री लिओ अमेरी रेडिओवर बोलले. काँग्रेसचा कट आहे, संप करायचे, रेल्वे आणि तारा तोडायच्या असा बेत आहे, अशा अर्थाचं त्यांचं भाषण होतं. ते भारतातही ऐकवलं गेलं. गंमत अशी झाली की नेते तुरुंगात, कार्यक्रम कोणाला नीटसा ठाऊक नाही, आणि तार तोडायची असते, रूळ उखडायचे असतात ही माहिती लोकांना घरबसल्या मिळाली ती ब्रिटिश मंत्र्याच्या तोंडून. इतिहासकारांनीही या भाषणाच्या परिणामाची दखल घेतली आहे.

बीबीसीच्या भारतीय विभागात मात्र सुतकी वातावरण होतं. ऑर्वेलच्या त्या दिवसांतल्या रोजनिशीत याची नोंद आहे. अमेरींचं भाषण त्याला किळसवाणं वाटलं. विभागप्रमुख बुखारी काँग्रेसचे नव्हेत, मुस्लिम लीगकडे झुकलेले. पण तेही रडकुंडीला आले आणि राजीनाम्याची भाषा करू लागले.

वेणूताई याच माणसांबरोबर काम करत होत्या. घरच्या माणसांना पकडणाऱ्यांचा पगार घ्यायचा आणि त्यांच्या शत्रूविरुद्ध घरच्याच भाषेत बोलायचं. सोडून द्यावं? पण मग समोर हिटलर होता. ज्यू लोकांना वेचून मारणारा, लंडनवर रात्रंदिवस बॉम्ब टाकणारा. वेणूताईंनी माइक सोडला नाही.

अवघ्या दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, ऑर्वेलच्या ‘व्हॉइस’ या कवितांच्या रेडिओ मासिकाचा पहिला अंक प्रसारित झाला. सुरुवातीला सांगितलेला फोटो याच मासिकाच्या डिसेंबरमधल्या अंकाच्या वेळचा. एकाच टेबलाशी इंग्रज, भारतीय, सिलोनचा कवी तांबीमुत्तू, जमैकाची ऊना मार्सन. राज्य करणारे आणि ज्यांच्यावर राज्य केलं जातं ते, शेजारी शेजारी. त्या खोलीपुरतं साम्राज्य थोडं सैल झालेलं दिसतं.

खोलीबाहेर ते सैल झालं नव्हतं.

नंदुरबार, ९ सप्टेंबर

त्या रविवारनंतर बरोबर एका महिन्यानं, ९ सप्टेंबर १९४२ ला, तेव्हाच्या पश्चिम खानदेशातल्या नंदुरबारमध्ये शाळकरी पोरांची मिरवणूक निघाली. पुढे तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता. वय जेमतेम पंधरा. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार गेला. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम. पाच पोरं. आपल्यापैकी प्रत्येकानं शाळेत ही नावं पाठ केली आहेत.

त्याच दिवसांत मुंबईत २२ वर्षांची उषा मेहता जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होती. पोलीस मागावर. सरकारी बातम्या जे दडवायच्या, ते तिच्या रेडिओवर यायचं. १२ नोव्हेंबरला तो पकडला गेला आणि उषाताई तुरुंगात गेल्या.

म्हणजे १९४२ च्या त्या एका वर्षात बघा. बर्लिनमध्ये सुभाषबाबू, मुंबईत उषाताई, लंडनमध्ये वेणूताई. तिघांच्या हातात एकच यंत्र, मायक्रोफोन. तिघांनाही देश स्वतंत्र हवा होता. पण तिघं तीन ठिकाणी उभे होते, आणि त्यातले दोघं तर एकमेकांच्या विरुद्ध बाजूच्या रेडिओवर.

उषाताईंच्या नावापुढे आपण सहज वीरांगना लिहितो, आणि ते बरोबरच आहे. वेणूताईंपुढे काय लिहायचं? त्यांना इंग्रजांची नोकर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. शिरीषकुमारच्या आईसमोर उभं राहून लंडनच्या रेडिओचं कौतुक करणं कोणालाही जमलं नसतं, हेही खरं. पण हिटलर जिंकला असता तर आपलं स्वातंत्र्य सुरक्षित राहिलं असतं का, हाही प्रश्न त्या काळी तितकाच खरा होता. त्या वेळी जगणाऱ्यांना युद्धाचा शेवट माहीत नव्हता. आपल्याला माहीत आहे, म्हणून आपला निवाडा लवकर होतो.

शिक्का नसलेला कागद

ऑर्वेल नोव्हेंबर १९४३ मध्ये बीबीसी सोडून गेला. देश स्वतंत्र झाला आणि १९४७ मध्ये वेणूताईही परत आल्या. आल्या त्या फाळणीच्या जखमा वाहत असताना. दिल्लीत निर्वासितांच्या छावण्यांत त्यांनी काम केलं. सीमेपलीकडून घरदार सोडून आलेली माणसं, हरवलेली मुलं. लंडनच्या स्टुडिओतून थेट त्या तंबूंत.

१९५० मध्ये त्यांचं लग्न झालं आणि वेणू चितळे लीला गणेश खरे झाल्या. त्याच वर्षी मुंबईतून त्यांची इंग्रजी कादंबरी आली, ‘इन ट्रान्झिट’. पुण्यातलं एक मराठी ब्राह्मण घर, त्याच्या तीन पिढ्या आणि त्या घराच्या उंबऱ्यातून आत येणारी स्वातंत्र्य चळवळ. जुनं सुटत नाही, नवं पुरतं हाती येत नाही, अशा मधल्या काळातल्या माणसांची आणि विशेषतः बायकांची ती गोष्ट आहे. तिच्या नावाचा अर्थच मुळी ‘प्रवासात, वाटेवर’ असा.

वर्षानुवर्षं दुसऱ्यांनी तपासलेला मजकूर वाचणाऱ्या बाईनं हा कागद स्वतः लिहिला होता. त्यावर सेन्सॉरचा शिक्का नव्हता, कोणाचं बोट बटणावर नव्हतं.

त्यानंतर त्या प्रसिद्धीपासून लांबच राहिल्या. ‘इन्कॉग्निटो’ हे दुसरं पुस्तक यायला १९९३ उजाडलं. १ जानेवारी १९९५ ला त्या गेल्या. तो दिवसही रविवारच होता.

बीबीसीची ती जुनी मराठी सेवा १९५८ मध्ये थांबली आणि २०१७ मध्ये नव्यानं, इंटरनेटवर सुरू झाली. आज आपल्यातली कितीतरी पोरं-पोरी पॉडकास्ट करतात, यूट्यूबवर बातम्या देतात, आकाशवाणी जळगावला ऑडिशन देतात. उद्या तुमच्याही हातात कोणी लिहिलेला कागद येईल, पगार येईल आणि समोर माइक असेल. तेव्हा काय करायचं, याचं तयार उत्तर वेणूताईंच्या आयुष्यात सापडणार नाही. पण हा प्रश्न पडलेले आपण पहिले नाही, एवढं नक्की कळेल.

आणि हो, तो फोटो आज एकदा शोधून बघाच. ऑर्वेल, एलियट दिसतीलच. आधी डाव्या टोकाला बघा.